कोटजाईचे खोरे आणि गिअरची सायकल

माझा धाकटा पुतण्या पुण्याला असतो. यंदा थंडीत चार मित्रांसह सायकली घेऊन दापोलीला यायचे त्याने ठरवले आहे. फोनवर म्हणाला, "काका, समुद्राकाठचा रस्ता सगळेच करतात. आत, डोंगरातून, मातीच्या वाटेने जाण्यासारखे काही आहे का? वाटेत जुने काही बघायला मिळाले तर उत्तमच." मी म्हटले, पन्हाळेकाजीला जा. तर म्हणे, "पन्हाळा? तो तर कोल्हापूरला!" आता ही गल्लत बरेच जण करतात, आणि फोनवर सगळे सांगून होईना, म्हणून हा लेख. घरातल्या इतरांना आणि ब्लॉगवर नेहमी येणाऱ्या मंडळींनाही तो उपयोगी पडेल असे वाटते. मी आता रत्नागिरीत राहत असलो तरी नोकरीची बरीच वर्षे दापोली तालुक्यात गेली, त्यामुळे या विषयावर मला आवरणे जरा कठीणच आहे.

दापोली वसली आहे सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. वर वारा, खाली कातळ, पावसाळ्यानंतर पिवळे पडलेले गवत. या सड्यांना कापत नद्या खाली खोल गेलेल्या आहेत. कोटजाई ही त्यातलीच एक. ती पुढे दाभोळच्या खाडीला मिळते. खाडीपासून आत, जिथे धाकटी नावाची नदी तिला येऊन मिळते त्या परिसरात पन्हाळेकाजी हे गाव आहे. दापोलीहून हे अंतर २५-३० किलोमीटर भरेल. खेड रस्त्याने वाकवलीकडून जाता येते, तसे दाभोळ रस्त्यावरूनही उतरता येते. कुठूनही गेलात तरी शेवटी सडा सोडून खाली खोऱ्यात उतरावेच लागते.

मला या लेखात सांगायचे आहे ते या उतरण्याबद्दलच. मोटारीच्या रस्त्याला सडा आवडतो, कारण वर पूल कमी बांधावे लागतात. पायी चालणाऱ्याला मात्र खोरे हवे असते. तिथे पाणी असते, सावली असते, रात्री अंग टाकायला गाव असते. जुन्या काळची सगळी ये-जा पायी, बैलाच्या पाठीवर किंवा होडीतून. त्यामुळे जे काही जुने आहे ते खोऱ्यात सापडते, आणि आपण वरून भुर्रकन निघून जातो.

कोटजाईच्या उजव्या काठच्या खडकात एकूण २९ लेणी आहेत. २८ एका ओळीत म्हणता येतील अशी, आणि एकोणतिसावे जरा लांब, त्याला गौर लेणे म्हणतात. अजिंठा-वेरुळाची भव्यता इथे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण एक गोष्ट इथे आहे, ती अशी एका जागी क्वचितच मिळेल. सुमारे तिसऱ्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत, म्हणजे हजार-अकराशे वर्षे, याच खडकात माणसे येऊन राहत होती, कोरत होती, उपासना करीत होती. आणि दर दोन-तीनशे वर्षांनी त्यांचा देव बदलत होता! आधी हीनयान बौद्ध भिक्षू आले. त्यांच्या साध्या कोठड्या. मग दहाव्या-अकराव्या शतकात वज्रयान पंथाचे बौद्ध. दहाव्या लेण्यात त्यांच्या महाचंडरोषण या उग्र देवतेची मूर्ती आहे. मग शिलाहारांच्या काळात शिव आला, गणपती आला. एकोणिसाव्या लेण्याच्या छतावर रामायण-महाभारतातले आणि कृष्णकथेतले प्रसंग कोरलेले आहेत. मान वर करून, छताखाली गोल फिरत ते बघावे लागतात. शेवटी आले नाथपंथी. गौर लेण्यात आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ ही मंडळी दगडात बसली आहेत.

ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. ज्ञानदेव स्वतःची गुरुपरंपरा सांगतात ती आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी. ती परंपरा आपण पुस्तकात वाचतो, पाठ करतो. इथे कोकणातल्या एका आडबाजूच्या नदीकाठी, साधारण त्याच काळात, कोणी तरी तीच नावे छिन्नीने कोरीत होते. मराठीचा शिक्षक म्हणून हे पाहताना काय वाटते ते सांगायला मला शब्द सापडत नाहीत... असो.

आता हे ठिकाण इतके दिवस कुठे होते? गावकऱ्यांना ते नेहमीच माहीत होते. गुरे घेऊन जाणारा पोरगासुद्धा लेणी दाखवी. अभ्यासकांचे खरे लक्ष मात्र १९७० नंतर गेले, आणि त्यालाही निमित्त झाले एका ताम्रपटाचे. तो इथेच सापडला. शके १०६१ मधला, म्हणजे ११३९ सालचा हा ताम्रपट उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला. ठाण्याहून राज्य करणारा राजा अपरादित्य याचा मुलगा विक्रमादित्य या भागाचा कारभार पाहत होता, असे त्यावरून कळते. या जागेचे तेव्हाचे नाव प्रणालक. प्रणालकाचे पन्हाळे कसे झाले हे व्याकरण शिकवलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पुरातत्त्व खात्याचे मधुसूदन नरहर देशपांडे (१९७२ ते १९७८ ते खात्याचे महासंचालक होते) यांनी इथे काम केले आणि १९८६ साली खात्यातर्फे त्यांचे पुस्तक निघाले. आज आपल्याला या लेण्यांबद्दल जे माहीत आहे त्यातले बहुतेक त्यांच्यामुळे.

अपरादित्य हे नाव आले म्हणून थोडे विषयांतर करतो. याज्ञवल्क्य स्मृतीवर 'अपरार्क' नावाची प्रसिद्ध टीका आहे, ती शिलाहार राजा अपरादित्याच्या नावावर आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात तिचा साक्षेपाने विचार केला आहे. आणि हे काणे शाळेत कुठे शिकले? दापोलीच्या मिशन हायस्कुलात! म्हणजे ज्या राजाच्या ग्रंथाचा त्यांनी पुढे मुंबईत बसून अभ्यास केला, त्याच घराण्याचा ताम्रपट त्यांच्या शाळेपासून पाऊण दिवसाच्या चालीवर मातीत होता. काणे वारले १९७२ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी.

लेणी इथेच का, याचे उत्तर खोऱ्याच्या तोंडाशी आहे. तिथे आहे दाभोळ. बहामनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन प्रवासी बेदरपर्यंत फिरून परत जाताना दाभोळलाच गलबतात बसला, आणि इथे घोडे उतरतात, देशोदेशीचे लोक येतात असे त्याने लिहून ठेवले. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळले. बंदराचा हा भरभराटीचा काळ लेण्यांच्या नंतरचा, हे खरे. पण खाडी तीच आणि डोंगरही तेच. समुद्रावरून आलेला माल आणि माणूस देशावर न्यायचा तर नदीच्या काठाकाठाने आत शिरायचे आणि मग सह्याद्रीची घाटवाट धरायची, यात शतकानुशतके फरक पडला नाही. अशा वाटेपासून फार दूर नाही आणि अगदी गर्दीतही नाही, अशी जागा भिक्षू नि जोगी शोधतात. भिक्षेला गाव लागते ना!

चालण्याचे प्रमाण तेव्हा काय होते याचे आमच्या तालुक्यातले उदाहरण महर्षी कर्व्यांचे. दापोलीजवळच्या मुरुडचा हा मुलगा १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. भर पावसात सह्याद्री चढून सुमारे ११० मैल पायी गेला. तिथे पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी सांगितले की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, परत जा. वय पुरे होते, पण अंगकाठी लहान! वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले चिडत. मला कधी कधी वाटते, त्या दिवसांत अण्णासाहेबांनी जेवढी नदी-नाले-पायवाटा पाहिल्या असतील तेवढा कोकण आपण आयुष्यभर बसने फिरूनही पाहत नाही.

सायकल या मुलखात रुळली ती सपाटीपुरती. पोस्टमन, पाववाला, मासळी विकणारे यांच्याकडे ती असे. मी १९७५ च्या सुमारास नोकरीला लागलो तेव्हा जुनी हर्क्युलस घेतली होती. तिला गिअर एकच, ब्रेक दांड्यांचे, आणि वजन असे की चढावर सायकल माझ्यावर बसली आहे असे वाटे. शाळेची मुले मागून ढकलीत आणि खो-खो हसत. उतारावर देवाचे नाव.

डोंगरी सायकल ही त्याच दशकातली, पण सातासमुद्रापारची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून मातीच्या रस्त्याने खाली सोडत. १९७६ मध्ये त्यांनी शर्यत भरवली, तिचे नाव 'रिपॅक'. एका उतारातच मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव! पुढे त्यात गिअर आले, रुंद खाचांचे टायर आले, पुढच्या चाकाला शॉकअप आले. गंमत पाहा, इकडे पन्हाळेकाजीची लेणी अभ्यासकांच्या नजरेत येत होती, आणि तिकडे त्या लेण्यांपर्यंत जाण्याजोगे वाहन तयार होत होते.

जाण्याजोगे असे म्हणतो, कारण चढावर ही सायकल चालणाऱ्याच्याच वेगाने जाते. पऱ्या ओलांडताना उतरावे लागते, साकवावरून खांद्यावर घ्यावी लागते. मग माणूस थांबतो, वाट विचारतो, पाणी मागतो. गावाच्या वेशीवरची देवरहाटी त्याला दिसते, गडग्यावर चढलेले शेवाळ दिसते. नदी कुठे वळते आणि खडक कुठे उघडा पडतो हे त्याच्या पोटऱ्यांना कळते. लेणी इथेच का, हे त्याला मी समजावून सांगायची गरज उरत नाही.

पण या वाटा चालल्या तरच राहतात. जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाड्या उखडून सिमेंट ओतणे सगळीकडे चालू आहे. वर सड्यावर चिरेखाणींनी वाटा मध्येच तोडल्या आहेत. पायवाट कुठल्या कागदावर नसते, त्यामुळे ती गेल्याची तक्रारही होत नाही. सायकलवाले आले तर दहा वाटा पुन्हा मळतील, हा माझा स्वार्थ. मात्र त्यांच्यासाठी म्हणून कोणी त्याच वाटांवर डांबर टाकले, तर सगळेच मुसळ केरात.

पुतण्यासाठी चार गोष्टी. पावसाळ्यात येऊ नका; ओल्या जांभ्यावर शेवाळ असते आणि तिथे कसलाही ब्रेक लागत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. पाणी वरूनच भरून घ्या, सड्यावर सावली नाही. सायकली लेण्यांच्या आवारात न्यायच्या नाहीत, बाहेर झाडाला टेकून ठेवायच्या. एक मजल्यासारखे चाक त्या जमिनीवरून फिरवायला जाईल, त्याला आधीच दम द्या. तसेच रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर गेलात तर कातळावर सायकल घालण्याआधी खाली बघा. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांची नावे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण अशी शिल्पे उघड्या जमिनीवरच आहेत, आणि सगळ्यांना काही कुंपण नाही.

गौर लेणे बघायला विसरू नका. मुख्य लेण्यांवरून लोक परत फिरतात. गावात कोणालाही विचारले तर वाट दाखवतील. तिथून दाभोळला उतरलात तर जंगलजेट्टीत सायकली घालून पलीकडे धोपाव्याला जाता येते, म्हणजे गुहागर. दाभोळच्या धक्क्याजवळच्या अंडा मशिदीबद्दल मात्र आज लिहीत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पुढच्या महिन्यात बघू.