वाशी स्थानक : आधी शहर, मग रेल्वे

मुंबईत रूळ आधी आले आणि उपनगरे त्यांच्या कडेने वाढली. नवी मुंबईत हा क्रम उलटा झाला. सिडकोची स्थापना १९७० ची, खाडीवरील रस्त्याचा पूल १९७३ चा. मानखुर्दहून पहिली लोकल मात्र वाशीस पोहोचली ९ मे १९९२ रोजी. जवळजवळ दोन दशके हे ‘नियोजित’ शहर बसच्या रांगेत उभे होते!

अडचण पैशाची होती. वस्ती नाही म्हणून रेल्वे नाही आणि रेल्वे नाही म्हणून वस्ती वाढत नाही, असा तो पेच. अखेर खर्चाचा सुमारे ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, उरलेला रेल्वेने. त्यासाठी प्रवाशांच्या तिकिटावर अधिभारही बसला. वाशी स्थानकात मान वर करून पाहावे : डोक्यावर कंपन्यांची कार्यालये आहेत. स्थानक हेच व्यापारी संकुल, ही कल्पना या हिशेबातूनच आली.

परंतु सिडकोचे खरे भांडवल जमीन हे होते, आणि ती ९५ गावांतील आगरी-कोळी शेतकऱ्यांची होती. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात, जानेवारी १९८४ मध्ये, जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्याचे फलित. रेल्वेच्या खर्चाचा ताळेबंद मांडताना हा रकाना बहुधा कोराच राहतो.

२००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला. मुंबईस वळसा घालून वाशीहून थेट ठाण्यास जाणे रेल्वेने तेव्हा शक्य झाले.