इस्रायल आळीतली मशीद

पिंगुळीत आपण चित्रकथीच्या पोथ्या जपतो. तशीच जपण्यासारखी एक वास्तू आपल्याच कोकणात, अलिबागच्या इस्रायल आळीत आहे. तिचं नाव ‘मागेन आबोथ’, म्हणजे पूर्वजांची ढाल. ज्यू लोकांचं हे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, १८४८ साली उभं राहिलं आणि १९१० साली नव्यानं बांधलं गेलं.

हे बेने इस्रायली लोक. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. आडनावं गावांवरून पडली : नवगावकर, पेणकर, दिवेकर. भाषा मराठीच. सिनेगॉगलाही ते ‘मशीद’ म्हणत.

आत मूर्ती नसते. जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, भिंतीत कपाट असतं. त्यात हातानं लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवतात. पुढे नंदादीप. मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा, तिथून वाचन होतं. जुन्या रीतीत बायकांची जागा वेगळी, बहुधा वरच्या सज्जात.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. जुन्या रीतीत बाई त्यात मोजत नाहीत. सज्जा भरलेला असला आणि खाली नऊच पुरुष असले, तर ती प्रार्थना होत नाही. पण एलियाहू हन्नाबीच्या नावाचा पोहे-खोबऱ्याचा मलिदा घराघरांतून समुद्रापार गेला, तिथं आजही होतो.

आपल्या गावच्या जुन्या देवळात, मशिदीत बायका कुठं बसत? पुढच्या बैठकीत थोरल्या बायांना विचारूया आणि लिहून ठेवूया.