मुक्कामाचे सुख

तमिळनाडूतील कुंभकोणम हे नाव मराठी माणसाला अगदीच परके वाटण्याचे कारण नाही. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी, एका तंजावरी मराठी घराण्यात जन्मले. दर बारा वर्षांनी येथे महामहम् नावाचा मोठा स्नानसोहळा भरतो आणि लाखो यात्रेकरू येतात. या कुंभकोणमहून नीडामंगलमच्या दिशेने दक्षिणेची वाट धरली, की शहराची वस्ती संपते न संपते तोच साक्कोट्टै नावाचे गाव लागते. तमिळमधले 'कोट्टै' म्हणजे आपला 'कोट'च. गावात अमृतकलशनाथाचे प्राचीन शिवालय आहे आणि सुंदरर या शैव संतकवीने ते गायिले आहे. प्रलयाच्या पाण्यावर अमृताचा कुंभ तरंगत निघाला आणि त्याचा कलश या ठिकाणी येऊन टेकला, अशी तेथील स्थलपुराणाची कथा. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर त्या कलशालाही कोठेतरी टेकावेसे वाटले, यात मला काही नवल वाटले नाही. कारण मी स्वतः त्या देवळात जाऊन टेकलो तो अशाच एका प्रवासानंतर.

आठच दिवसांपूर्वी मी पंधरा तासांचा विमानप्रवास करून मायदेशी परतलो होतो. विमान कोणत्या कंपनीचे होते हे सांगण्यात अर्थ नाही. दोष तिचा नव्हता, निदान फारसा नव्हता. खुर्ची मऊ होती, दोन वेळचे जेवण मिळाले होते, पांघरूणही होते. तरीही उतरण्याची वेळ आली तेव्हा माझे पाय बुटांत शिरेनात. चाललो नव्हतो, ओझे वाहिले नव्हते, उन्हात तापलो नव्हतो. केवळ बसलो होतो. आणि ज्या वाटेवर मी आता बसलो होतो, त्या वाटेने एके काळी रामेश्वरास जाणारे यात्रेकरू महिनोन् महिने पायी जात. त्यांना कष्ट नव्हते असे कोण म्हणेल? परंतु त्यांच्या प्रवासात असे काही होते, जे माझ्या प्रवासात नव्हते. ते काय, याचा शोध मला तंजावरच्या मराठ्यांच्या इतिहासात घ्यावासा वाटला.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावर घेतले ते १६७५ च्या सुमारास. पुढे १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशेऐंशी वर्षे, कावेरीच्या या सुपीक प्रदेशात भोसल्यांचे सिंहासन होते. या राजांच्या नावावर मोठे दिग्विजय नाहीत. संगीत, नाटक, सरस्वती महालातील ग्रंथ यांसाठी त्यांची कीर्ती आहे. आणि जिच्याविषयी आपण महाराष्ट्रात फार कमी बोलतो अशी त्यांची आणखी एक कृती आहे, ती म्हणजे छत्रे. छत्र म्हणजे निव्वळ अन्नछत्र नव्हे. धर्मशाळा, अन्नछत्र, पाठशाळा आणि दवाखाना यांचे ते एकत्र रूप होते, आणि तेही वाटसरूसाठी, वाटेवर बांधलेले. साक्कोट्टैवरून पुढे जाणारा प्रवासी नीडामंगलमला पोहोचला की त्याला प्रतापसिंह राजांच्या काळातले, त्यांची राणी यमुनाबाई हिच्या नावाचे छत्र लागे. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या वाटेवर ओरत्तनाडू येथे सरफोजी राजांनी १८०२ साली मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ भव्य छत्र उभारले. त्याच्या दर्शनी भागी दगडी हत्ती आणि घोडे जणू सारी वास्तूच रथासारखी ओढीत आहेत. समुद्रकाठाने रामेश्वराकडे जाताना मणमेलकुडी, मिमिसल येथेही छत्रे होती. बहुतेकांना राजस्त्रियांची नावे आहेत, आणि गंमत अशी, की मराठी 'बाई' या प्रदेशात येऊन तमिळ 'अंबाळ' झाली आहे. यमुनाबाईची यमुनांबाळ झाली. परप्रांतात रुळण्याची याहून गोड खूण कोणती असणार?

या छत्रांत नेमके काय चाले, हे आपल्याला बऱ्याच तपशिलाने ठाऊक आहे, आणि त्याचे कारण दुःखाचे आहे. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक तनखा आणि वसुलातील पाचवा हिस्सा एवढेच उरले. छत्रांना लावून दिलेली गावेही आता कंपनीच्या अमलाखाली जाणार होती. तेव्हा १८०१ साली राजांनी कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले. राज्य गेल्याबद्दल त्यात आक्रोश नाही. छत्रे चालू राहावीत एवढीच कळकळ आहे. तंजावरला लोक धर्मराज्य म्हणतात आणि हीच आपली सर्वांत मोठी प्रतिष्ठा आहे, असा त्याचा आशय आहे.

त्या पत्रात छत्राचा सारा दिनक्रम येतो. ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो कोणी वाटसरू येईल त्याला शिजविलेला भात मिळे. शिजविलेले अन्न ज्याला चालत नसे त्याला कोरडा शिधा, मसाल्यासह. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, की ज्याचे जेवण राहिले असेल त्याने यावे. पावसाने वाट अडली तर अडलेल्यांना तेथेच जेवू घालीत. रोग, गळवे, सर्पविष यांवर उपचार करणारे वैद्य नेमलेले असत. आजारी पडलेल्या प्रवाशाला औषध आणि पथ्याचे अन्न मिळे, आणि तो बरा होईपर्यंत आदराने त्याची शुश्रूषा होई. गरोदर स्त्रीची काळजी घेतली जाई, तान्ह्या मुलांना दूध मिळे. परक्या प्रवाशांची पोरकी झालेली मुले पंतोजींच्या स्वाधीन केली जात. त्यांना तीन वेळ जेवण आणि दर चार दिवसांनी तेलाचे अभ्यंग. कोणी वाटेतच मरण पावला, तर त्याच्या धर्मानुसार अंत्यविधी होई.

हे पत्र म्हणजे राजाने स्वतःच्या कार्याची केलेली भलामण आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. छत्राचा भात ज्या गावांच्या वसुलातून येई, तेथल्या कुळांना विचारले असते तर त्यांनी कदाचित वेगळी हकीगत सांगितली असती. पंक्तीही वेगळ्या असणारच; त्या काळचा समाज आपले भेदाभेद छत्राच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आत येत नव्हता. अर्थात विमानातही पुढची प्रशस्त आसने आणि मागची दाटीची आसने यांच्यामध्ये पडदा ओढलेला असतोच. परंतु मला त्या मध्यरात्रीच्या घंटेचे महत्त्व वाटते. प्रवाशाने मागण्याची वाट न पाहता त्याला हाक मारणारी ती घंटा होती. आणि हे पुरविणारी जागा स्थिर होती. चालणारा माणूस तेथे थांबे, अंग धुई, पाठ टेकी, पाणी पिई आणि मग पुढे निघे. प्रवासाचे सुख वाहनात नव्हते. ते मुक्कामात होते.

सरफोजी स्वतः १८२० ते १८२२ या काळात काशीयात्रेला गेले, तेही हजारोंचा लवाजमा घेऊन, मजल दरमजल करीत. त्या यात्रेवर मराठीत लावण्या रचल्या गेल्या. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले, नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले, आणि पुढे गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचा 'माझा प्रवास' ज्यांनी वाचला आहे त्यांना आठवेल, की त्यातही प्रत्येक दिवसाला एक मुक्काम आहे. कधी सुखाचा, कधी जिवावरचा.

विमानाचा आरंभीचा इतिहासही याहून वेगळा नाही, हे ऐकून काही श्रोत्यांना आश्चर्य वाटेल. १९२९ साली इंपीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा सुरू झाली तेव्हा प्रवासाला सात दिवस लागत, आणि त्यातला एक टप्पा तर चक्क आगगाडीने होई. रात्री विमाने उडत नसत. इराकच्या वाळवंटात रुतबा येथील कोटात उतारूंच्या विश्रांतीची सोय होती. १९३२ मध्ये शारजा येथे तर विमानाच्या उतारूंसाठी कोटासारखे विश्रामगृहच बांधण्यात आले. वाळवंटातले हे छत्रच म्हणावयाचे, फक्त दाम मोजून मिळणारे. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला प्रथम निघाले तेव्हाही त्याने कैरो आणि जिनिव्हा येथे थांबे घेतलेच. उतारू खाली उतरत, जमिनीवर चार पावले टाकीत, ताज्या हवेत श्वास घेत.

मग यंत्रे सुधारली. इंधन अधिक मावू लागले, पल्ला वाढला आणि एकेक थांबा गळू लागला. २००७ साली एअर इंडियाने मुंबई ते न्यूयॉर्क असे वाटेत कोठेही न उतरणारे उड्डाण सुरू केले. यात वेळेची मोठी बचत झाली, आणि ज्याच्या घरी आजारी आईवडील आहेत अशा परदेशस्थ मुलाला त्या बचतीची किंमत विचारावी. मात्र मुक्काम गेला. छत्रात जे चार ओवऱ्यांत आणि एका विहिरीवर मिळे, ते सारे आता एका खुर्चीत मिळवावयाचे आहे.

आणि ती खुर्ची कोठे असते? विमान आकाशात तीस-पस्तीस हजार फुटांवर असले तरी आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरील हवेइतका राखलेला असतो. म्हणजे आपण जवळजवळ उटकमंडच्या उंचीवर पंधरा तास बसून असतो. पण उटकमंडची हवा ओलसर, तर येथे आर्द्रता पुष्कळदा वीस टक्क्यांच्याही खाली. ओठ, डोळे, घसा कोरडे पडतात ते यामुळे. दाब कमी झाल्याने पोटातील वायू एक चतुर्थांशाहून अधिक फुगतो. तेव्हा उड्डाणापूर्वी वाटाण्याची उसळ भरपेट खाणाऱ्याने तक्रार कोणाकडे करावी? परंतु खरा धोका पायांना. पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा शिरांतील रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. माणूस तासन् तास निश्चल बसला की हा पंप बंद पडतो, पाय सुजतात, आणि क्वचित शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसापर्यंत जाते. हे वैद्यांच्या ध्यानात ठळकपणे आले ते विमानात नव्हे. १९४० मध्ये लंडनवर बाँबवर्षाव होत असता लोक तळघरांतील आरामखुर्च्यांवर रात्री काढीत. त्यांतील काहींच्या आकस्मिक मृत्यूंचे कारण कीथ सिंपसन या वैद्याने अशाच गुठळ्यांत शोधले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाप्रमाणे चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, तोही विमान, मोटार, आगगाडी कोणत्याही वाहनात. मुळात तो लहान आहे. सुमारे सहा हजारांत एक. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकती शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मात्र निघण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

म्हणून परतीच्या वेळी मी पंधरा तासांचे सात मुक्काम पाडले. दर दोन तासांनी उठलो, विमानाच्या शेपटापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. शेजारच्या गृहस्थांना त्रास नको म्हणून आरंभीच कडेची जागा मागून घेतली होती. बसल्या बसल्या घोटे फिरविले, टाचा उचलल्या. प्रत्येक मुक्कामाला पेलाभर पाणी प्यालो. मद्याला नकार दिला तेव्हा सेविकेला मी सोवळा वाटलो असेन, वाटू दिले. कपडे सैल घातले, बूट काढून मोजे ठेवले, जेवण अर्धेच घेतले. घड्याळ चढतानाच उतरण्याच्या गावाचे लावले आणि तेथे रात्र झाली तेव्हा डोळ्यांवर पट्टी ओढली. यात नवे काही नाही. घंटा फक्त आता स्वतःलाच वाजवावी लागते.

ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात पुढे विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाले. यात्रेकरू आगगाडीने आणि मग मोटारीने जाऊ लागले, तेव्हा थांबणारे कमी झाले आणि शिकणारे आले. साक्कोट्टैच्या देवळातून मी उठलो तेव्हा नीडामंगलमची बस रस्त्यावर उभी होती. वाहकाने जागा दाखविली, तरी मी थोडा वेळ दाराशी उभाच राहिलो.