उच्चाराची मक्तेदारी आणि परळची खोली

"आनि-पानी" म्हटले की हसायचे, ही महाराष्ट्रातली जुनी खोड. 'न' आणि 'ण' वरून माणसाची जात ओळखायची आणि त्याला गप्प बसवायचे. आज हेच हसू इंग्रजीच्या बाबतीत ऐकू येते. म्हणून आमच्या तरुणांनी इंग्रजी उच्चारांकडेही इतिहासाच्या नजरेने पाहिले पाहिजे.

परळचा भोईवाडा हे नावच पालखी वाहणाऱ्या भोई समाजाची आठवण देते. याच गिरणगावात, डबक चाळीतल्या एका खोलीत, सुभेदार रामजी सकपाळ पहाटे दोन वाजता भीमरावांना अभ्यासाला उठवीत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली होती. रामजी स्वतः लष्करी शाळेत 14 वर्षे मुख्याध्यापक होते. ही विद्या आमच्या घरात आली ती लष्कराच्या दारातून. आणि 1892 च्या सुमारास महारांची सैन्यभरती थांबवून तेही दार बंद केले गेले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. तर्खडकरांच्या पुस्तकात शब्द, अर्थ, वाक्यरचना होती. पण आवाज कागदावर छापता येत नाही. तो कुणाच्या तरी तोंडून ऐकावा लागतो. पुस्तक उसने मिळेल, पण ज्याला वर्गात वेगळे बसवले त्याच्याशी बोलणार कोण? वरच्या जातींना इंग्रजीचा आवाज घरात आणि कचेरीत फुकट मिळाला. त्यालाच ते पुढे 'गुणवत्ता' म्हणू लागले.

बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले, 1913 साली कोलंबियाला गेले, पुढे लंडनमध्ये शिकले. 1930 साली गोलमेज परिषदेत त्यांनी ब्रिटिश सरकारला तोंडावर जाब विचारला. 1955 सालची त्यांची बीबीसी मुलाखत आजही ऐकायला मिळते. ऐका. त्यात साहेबाची नक्कल नाही. बोलण्याचा बाज भारतीय आहे, पण एकही वाक्य संदिग्ध नाही.

मग उच्चार शिकूच नयेत का? असे मुळीच नाही. स्पष्ट बोलणे आणि नक्कल करणे यांत फरक आहे. इंग्रजीत आघात महत्त्वाचा. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर मागणाऱ्या प्रश्नाच्या शेवटी सूर सहसा चढतो. 'का, कुठे, कधी' विचारताना तो बहुधा उतरतो. मराठीच्या चालीवर इंग्रजी बोलले की ऐकणारा अडखळतो तो बऱ्याचदा इथेच. हे नियम कुणाच्या बापजाद्यांची इस्टेट नाहीत. शब्दकोशात आघाताची खूण असते; आज मोबाईलवर तोच शब्द शंभर वेळा ऐकता येतो, आपला आवाज टिपून ताडून पाहता येतो.

रामजींकडे यातले काही नव्हते. होती ती पहाट, दोन-चार पुस्तके आणि जिद्द. तेव्हा 'फाडफाड इंग्रजी'चे महागडे क्लास लावण्याआधी वस्तीतल्या बुद्धविहारात रोज अर्धा तास एकत्र बसा. मोठ्याने वाचा, एकमेकांना दुरुस्त करा. पण हसू नका. हसण्याचे काम ज्यांनी पिढ्यान् पिढ्या केले, ते त्यांच्याकडेच राहू द्या.

साहेबासारखे दिसण्यासाठी नव्हे, तर कोर्टात, मुलाखतीत, विद्यापीठात आपले म्हणणे कुणाला टाळता येऊ नये म्हणून इंग्रजी शिका.

जय भीम!