शेतकऱ्याचा गुडघा आणि विमा

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील डोणगांव हें वऱ्हाडच्या काळ्या मातीचें गांव. ही माती पीक देते, तसा मोबदलाहि घेते. निंदण व्हावयाचें तें उकिडवें बसून, कापूस वेचावयाचा तो वांकून, ओझें वाहावयाचें तें डोक्यावर. अशा श्रमांत साठी गांठली कीं गुडघा कुरकुरूं लागतो. त्यावर पूर्वीं तेल आणि शेक हाच उपाय असे. ज्याचा गुडघा गेला, त्याचें शेतहि सुटलें.

इंग्लंडमधील शल्यवैद्य जॉन चार्न्ली यानें १९६२ सालीं धातु व पॉलिथिलीन यांचा कृत्रिम खुबा यशस्वी करून दाखविला. पुढें गुडघाहि बदलतां येऊं लागला. उपाय सांपडला, पण त्याचा खर्च गरिबास कसा पेलावा?

अनेकांनीं थोडें थोडें घालावें आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्यास त्यांतून द्यावें, हें विम्याचें तत्त्व. इर्जीक घालून एकाचें अडलेलें शेत सर्वांनीं नांगरून देणाऱ्या खेड्याला तें परकें नव्हतें. तथापि कायद्यानें तें प्रथम कारखान्याच्या दारांत उभें केलें. कामगार राज्य विमा कायदा १९४८ सालीं झाला. त्याची योजना १९५२ सालीं कानपूर व दिल्ली येथें आणि १९५४ सालीं नागपुरास सुरू झाली. कापूस कातणाऱ्यास विमा मिळाला. पिकविणाऱ्यास मिळाला नाहीं.

१९८६ सालीं सरकारी विमाकंपन्यांची ‘मेडिक्लेम’ पॉलिसी आली. ती हप्ता भरूं शकणाऱ्यांची होती. शिवाय सांधा झिजल्यावरच लोक विमा घेतील, तर निधि रिता होईल, या भीतीनें कंपन्या मुदत घालीत. २०२० सालच्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसींतहि, अपघाताचें कारण नसल्यास, सांधेबदलासाठीं ४८ महिने थांबण्याची अट होती. २०२४ च्या नियमांनीं अशा मुदतीची कमाल मर्यादा ३६ महिन्यांवर आणली.

शेतकऱ्याची पाळी फार उशिरां आली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत निघाली; त्यांत बुलढाणा नव्हता. २०१३ च्या नोव्हेंबरांत ती राज्यभर झाली. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर, असें तिचें स्वरूप होतें. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांत पांढरी शिधापत्रिका असलेला शेतकरीहि तींत घेतला गेला. त्या चौदांत बुलढाणा होता. हा हक्क जिल्ह्यास त्याच्या सुबत्तेनें नव्हे, तर त्याच्या शोकानें मिळवून दिला.

त्याच वर्षीं ऑगस्टांत केंद्र सरकारनें कृत्रिम गुडघ्याच्या किमतीस मर्यादा घातली. सर्वसाधारण कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यास करावेगळे ५४,७२० रुपये ठरले. २०१८ सालीं आलेल्या आयुष्मान भारत योजनेनें पात्र कुटुंबास वर्षाला पांच लाखांचें संरक्षण दिलें. खुबा व गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया तिच्या यादींत होती. २०२४ च्या ऑक्टोबरांत, उत्पन्न न पाहतां, ७० वर्षांवरील सर्वांना ती खुली झाली.

१९४८ पासून येथवर ७६ वर्षें लोटलीं. तरीहि कागदावरचा विमा म्हणजे बदललेला गुडघा नव्हे. त्या शस्त्रक्रियेसाठीं योजनेंत नोंदलेलें रुग्णालय लागतें, आधींची मंजुरी लागते, शिधापत्रिकेवरचें व आधारपत्रावरचें नांव जुळावें लागतें. ज्याला चालवत नाहीं, त्यालाच हीं सारीं दारें चालून गांठावीं लागतात. रुग्णालयांतील आरोग्यमित्र दारापासून पुढें वाट दाखवितो. दारापर्यंतची वाट मात्र घरांतल्या शिकल्यासवरल्या मुलानें आणि गांवच्या इर्जिकेनेंच सोपी करावयाची आहे.