काडतुसावरील वंगण

बंदुकीच्या नळीला दोन शत्रू असतात. एक गंज आणि दुसरा तिच्याच पोटात साचणारा मळ. पहिल्याला तेलाचा हात पुरतो. दुसऱ्याच्या निवारणार्थ एकोणिसाव्या शतकात जो उपाय योजला गेला, त्याने हिंदुस्थानात केवढा वणवा पेटला हे सर्वश्रुत आहे. तथापि काडतुसाला चरबी लावण्याची गरज मुळात का पडली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू जळते, तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे उरतो व नळीच्या आतल्या अंगाला चिकटून बसतो. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीत याची फारशी अडचण होत नसे. गोळी नळीहून बरीच लहान असल्याने ती सहज खाली उतरे. मात्र शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नसे. नळीत पिळदार खाचा पाडल्याने ही उणीव दूर झाली. १८४९ साली मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने पोकळ बुडाची शिशाची गोळी पुढे आणली. बार उडताच तिचे बूड फुगून खाचांत घट्ट बसे आणि गोळी गिरक्या घेत सरळ जाई. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल याच तत्त्वावर घडविलेली होती. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता आणि आत तीन खाचा होत्या. परंतु गोळी तोंडाकडूनच ठासावयाची असल्याने, काही बार झाले की मळ अडथळा करी व गजाने रेटूनही ती खाली सरकत नसे. म्हणून काडतुसाच्या गोळीकडील टोकाच्या कागदाला वंगण लावीत. त्याने मळ मऊ होई आणि प्रत्येक नवी गोळी जाता जाता नळी पुसून काढी. दिवसाअखेरीस नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तिला तेल लावावे लागे, ते वेगळेच.

या वंगणात मेणाबरोबर जनावरांची चरबी असे. ती कोणत्या जनावराची, याचा बंदोबस्त कोणी केला नव्हता. १८५३ साली ही काडतुसे हवामानाच्या परीक्षेसाठी प्रथम हिंदुस्थानात आली, तेव्हा कर्नल टकर यांनी लेखी इशारा दिला की, हे वंगण जातिधर्माच्या आड येत नाही अशी खात्री झाल्यावाचून ती देशी पलटणींना देऊ नयेत. तो इशारा दप्तरातच पडून राहिला.

१८५७ च्या जानेवारीत डमडम येथे गाईच्या व डुकराच्या चरबीची वार्ता पसरली. ज्या टोकाला वंगण असे ते दातांनी तोडावयाचे नसून दुसरे टोक तोडावयाचे असे. पण शंका एकदा मनात शिरल्यावर असला खुलासा कोण ऐकणार! शिपायांनी मेण व तेल वापरावे असा साधा मार्ग स्वतःच सुचविला होता. २७ जानेवारीस सरकारने, शिपायांनी वंगण आपल्या हाताने लावावे अशी मुभाही दिली. परंतु विश्वास उडाला होता. आता कागदाची चकाकीदेखील संशयास्पद वाटू लागली. मीरत येथे २४ एप्रिलला नव्वदांपैकी पंच्याऐंशी घोडेस्वारांनी काडतुसे नाकारली. वस्तुतः ती जुन्याच पद्धतीची होती. ९ मे रोजी त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या गेल्या आणि १० मे रोजी छावणी उठली. जूनमध्ये ग्वाल्हेरची कंटिंजंट फौज व १ जुलैस इंदूरची रेसिडेन्सी त्या आगीत सापडली. याच सुमारास उत्तरेकडे निघालेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांना महूच्या आसपास शिपायांच्या तोंडून काडतुसांची हकीकत ऐकावयास मिळाली. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या ग्रंथात ती नमूद आहे.

बंडाला कारणे अनेक होती. खालसा झालेली संस्थाने, बुडालेली वतने, शिपायांचे घटलेले भत्ते यांनी जमीन आधीच तापविली होती. काडतूस ही ठिणगी. पुढे त्याच रायफलीच्या गोळीचा व्यास ०.५५ इंचापर्यंत कमी करण्यात आला आणि चरबीऐवजी निव्वळ मधमाशांचे मेण वापरण्यात आले. नळी पूर्वीपेक्षा अधिक स्वच्छ राहू लागली. जे शिपाई मागत होते, त्याच्याजवळच शस्त्रशास्त्र अखेर येऊन पोहोचले. मेण तेव्हाही उपलब्ध होते. ज्यांच्या हाती बंदूक द्यावयाची त्यांचे म्हणणे वेळीच ऐकून घेण्याची तयारी तेवढी नव्हती.