भाषणाआधीचे काम : नामदार गोखल्यांची तालीम

आपल्या मंडळात आरतीच्या वेळी आवाजाची कधी कमतरता नसते. टाळ्या आणि झांजा यांच्या गजरात शेजारच्या क्वार्टरमधली बंगाली आणि तेलुगू मंडळीही सूर मिळवतात. पण आरती संपली, माईक पुढे केला आणि 'दोन शब्द बोला' म्हटले की भलेभले मागच्या खांबाआड जातात. दरवर्षी तेच तीन-चार जण बोलतात आणि बाकीचे प्रसादाच्या रांगेची व्यवस्था बघतात. म्हणून या वर्षी स्मरणिकेसाठी देवाधर्माचा विषय न घेता भाषणाच्या इतिहासातला एक विषय घेतला आहे. तो गणेशोत्सवाला परका नाही.

आपल्याकडे व्यासपीठावर उभे राहून विषय मांडण्याची सवय लोकांना मुद्दाम लावावी लागली. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे १८९३ च्या सुमारास गणपती वाड्यातून चौकात आला, लोकमान्यांनी 'केसरी'तून त्याला बळ दिले आणि मेळे, कीर्तने, व्याख्याने यांना दहा दिवसांचा हक्काचा मांडव मिळाला. त्या पुण्यात वक्त्यांना तोटा नव्हता. टिळकांचे सरळ, सडेतोड मराठी होते. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांचा उपरोध होता. तरीही बोलायला घाबरणाऱ्या माणसाने कोणाकडे पाहावे असे विचाराल, तर मी गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव घेईन. टिळकभक्तांनी रागावू नये. उत्सव त्यांचाच आहे.

गोखले मैदान दणाणून सोडणारे वक्ते नव्हते. जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा, घरची गरिबी. १८८४ साली बी.ए. होऊन ते पुण्यात शिक्षक झाले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय पडेल तो त्यांनी शिकवला. अंकगणिताचे पुस्तकही लिहिले. इंग्रजी उतारेच्या उतारे पाठ करण्याची त्यांची सवय चरित्रकारांनी नोंदवली आहे. आज आपण पाठांतराला हसतो, पण परक्या भाषेत बोलायचे तर तिची वाक्ये आधी जिभेवर बसावी लागतात. नोकरीच्या गावात हिंदी, तेलुगू किंवा बंगाली शिकलेल्या कोणालाही हे पटेल.

खरी तालीम रानड्यांकडे झाली. १८८७ पासून पुढे सुमारे चौदा वर्षे, म्हणजे १९०१ साली रानडे जाईपर्यंत, गोखले त्यांच्या हाताखाली शिकले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम होते, सरकारी अहवाल वाचून त्यांतले आकडे काढायचे होते, सरकारला पाठवायच्या अर्जांचे मसुदे करायचे होते. सरकार अशा अर्जांना दाद देत नसे. यावर रानड्यांचे म्हणणे असे की अर्ज सरकारच्या नावाने असला तरी तो खरा आपल्या लोकांसाठी आहे. त्यातून त्यांनी विचार कसा करावा ते शिकायचे. या शाळेत वक्तृत्व म्हणून कोणी काही शिकवत नव्हते. शिकवत होते ते विषयाचा तळ गाठायला.

त्याचा पहिला मोठा कस लागला लंडनमध्ये. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे १८९७ च्या एप्रिलमध्ये गोखल्यांची साक्ष झाली. वय पुरते एकतीसही नव्हते. समोर मुरलेले इंग्रज अधिकारी, उलटतपासणी इंग्रजीत, विषय जमाखर्चाचा. दादाभाई नौरोजी कमिशनचे सभासद होते, आणि दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रह्मण्य अय्यर हेही साक्षीला आले होते. या दिग्गजांमध्ये सर्वांत तरुण गोखले होते आणि ते डगमगले नाहीत.

पण त्याच वर्षी, त्याच इंग्लंडमध्ये, याच माणसाला फार कडू घोट गिळावा लागला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना पुण्याहून आली. त्या भरवशावर त्यांनी तिकडे जाहीर निवेदन केले. परत आले तेव्हा रँडचा खून झालेला होता, धरपकड चालू होती आणि पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी नावानिशी पुढे यायला तयार नव्हते. पुरावा देता येईना, तेव्हा गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी भित्रा म्हटले, सरकारने खोटा ठरवले. माफी मागायला नको होती असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. माझे मत वेगळे आहे. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेण्याला व्यासपीठावर बोलण्यापेक्षा जास्त धैर्य लागते. यानंतरची त्यांची भाषणे वाचली की त्यांतला जवळजवळ प्रत्येक आकडा सरकारच्याच कागदातला असतो, म्हणजे उत्तर देणाऱ्याला तो नाकारण्याची सोयच नाही.

आता कलकत्त्याला येऊ. तेव्हा राजधानी तिथे होती आणि व्हाइसरॉयचे कायदेमंडळही तिथेच भरत असे. फिरोजशहा मेहतांच्या जागी गोखले तिथे निवडून गेले. २६ मार्च १९०२ रोजी, लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी असताना, त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सात कोटींच्या शिलकीबद्दल अर्थमंत्र्यांचे अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी सुरुवातीलाच सांगितले की या अभिनंदनात सामील होणे आपल्या मनाला पटत नाही. देश दुष्काळातून जात असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ सरकारची सुस्थिती आणि लोकांची सुस्थिती यांचा मेळ नाही. पुढे त्यांनी हिशेबच मांडला : रुपयाचा भाव १८९४-९५ साली १३.१ पेन्सपर्यंत उतरला होता, तो १६ पेन्सवर नेला गेला, त्यामुळे विलायतेला पाठवायच्या रकमेत सरकारची बचत झाली. कर मात्र चढे तसेच राहिले. तेव्हा ही शिलकीची कमाई रयतेच्या खिशातली.

सभासदांना मत देण्याचा अधिकार नव्हता, फक्त बोलता येत होते. तरी पुढच्याच वर्षी, १९०३ साली, मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला आणि प्राप्तिकरातून सूट मिळण्याची मर्यादा पाचशेवरून हजार रुपये झाली. एका भाषणाने हे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण भाषण कानाआड करण्यासारखे नव्हते एवढे खरे.

या भाषणामागे एक माणूस होता, ज्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी, पेशाने सरकारी शाळेतले हेडमास्तर. अर्थशास्त्राच्या आकड्यांत त्यांच्याइतकी गती त्या काळी थोड्यांना होती. गोखले त्यांना पत्रे लिहून टिपणे मागवत, शंका विचारत. टाळ्या कलकत्त्यात पडल्या, आकडेमोड एका मास्तरांच्या टेबलावर झाली. आम्हा रूळवाल्यांना हे चटकन कळते. ट्रॅफिक ब्लॉक मिळतो दोन तासांचा. पण रूळ, स्लीपर, फिशप्लेट, माणसे, हत्यारे यांची जमवाजमव आठवडाभर आधीपासून चाललेली असते. ब्लॉक सुरू झाल्यावर बोल्ट शोधत फिरणाऱ्याचा हात थरथरणारच. (जाता जाता : हेच गोखले शिल्लक पैसा रेल्वे बांधण्यात घालण्यापेक्षा आरोग्य आणि शिक्षणावर खर्च करा असे सांगत. रेल्वेच्या पगारावर घर चालते तरी म्हणतो, मुद्दा बिनतोड होता.)

त्या भाषणाच्या आधीच्या हिवाळ्यात कलकत्त्यात गोखल्यांच्या घरी एक पाहुणा महिनाभर राहिला होता. मोहनदास गांधी. बोलायला उभे राहिले की यांची गाळण उडे. लंडनला विद्यार्थी असताना शाकाहारी मंडळीच्या सभेत लिहून नेलेलेही वाचवेना. १८९६ साली मुंबईच्या सभेत आवाज इतका बसला की छापील भाषण आधी केशवराव देशपांडे यांनी हाती घेतले, मग श्रोत्यांनी ओरडा केला म्हणून वाच्छांनी वाचले. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ठरावावर बोलत असताना अध्यक्ष वाच्छांची घंटा वाजली आणि ते गोंधळून खाली बसले. तो ठराव विषय नियामक समितीत आला तोही गोखल्यांनी आठवण करून दिली म्हणून. ही सगळी फजिती गांधीजींनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

१९१५ साली गांधीजी कायमचे परतले तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतले : वर्षभर देश पाहा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका. भाषणाच्या तालमीतला हा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याला वाटते बोलून बोलून धीर येतो. येतो, पण गोखल्यांनी आधी ऐकायला लावले. फेब्रुवारीतच गोखले गेले. गांधीजी वचनाप्रमाणे आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून देश पाहत हिंडले.

६ फेब्रुवारी १९१६ रोजी काशीला हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात ते बोलायला उभे राहिले. या पवित्र नगरीत परक्या भाषेत बोलावे लागते याची लाज वाटते, असे त्यांनी प्रथम सांगितले. मग विश्वनाथाच्या मंदिराभोवतीच्या गल्ल्यांची घाण, रेल्वेच्या डब्यात थुंकणारे प्रवासी, समोर बसलेल्या राजेरजवाड्यांच्या अंगावरचे जडजवाहीर, सगळे एकामागून एक काढले. ॲनी बेझंट यांनी थांबवायचा प्रयत्न केला. विद्यार्थी बोलू द्या म्हणून ओरडत होते. राजेमंडळी उठून चालू लागली, अध्यक्षस्थानी असलेले दरभंग्याचे महाराजही निघाले आणि भाषण अर्धेच राहिले. वीस वर्षांपूर्वी मुंबईत ज्याचे भाषण दुसऱ्याने वाचले होते, तोच हा माणूस.